हिरव्या दिव्याची किंमत

"ही बॅटरी जुनी आहे, हे आधीच सांगते," अरुणा गजभिये म्हणाली आणि कॅरव्हॅनच्या चाकांपुढे, थोडं अंतर सोडून, तिने लाकडी ठोकळे ठेवले. "पण दिवा काय म्हणतोय ते बघा."

ऑस्ट्रेलियाहून माल घ्यायला आलेल्या डॉसनने हातातली, बॅटरीची स्थिती दाखवणारी साधी डबी उलटसुलट केली. लांब तारेने ती कॅरव्हॅनला जोडलेली होती. दिवा हिरवागार होता.

"उत्तम," तो म्हणाला.

वर्कशॉपमागच्या उतारावर कॅरव्हॅन गाडीपासून सोडवून उभी केली होती. अरुणाने पुढची पोलादी दोरी हिसडली. खट् आवाज झाला आणि बॅटरीच्या जोरावर चाकांचे ब्रेक आवळले गेले. धावत्या गाडीमागून कॅरव्हॅन निसटलीच, तर असंच व्हायला हवं. निदान पाव तास तरी ती जागची हलता कामा नये, असा डॉसनच्या देशातला नियम.

नोव्हेंबरची थंडी होती. मालक ब्रांडल हात चोळत उभे होते. थोड्याच वेळात चाक बोटभर सरकलं, मग वीतभर, आणि ते चाकांवरचं घर सुस्कारा टाकल्यासारखं खाली घसरून ठोकळ्यांवर आदळलं. डबीतला दिवा आता लाल झाला होता. आता होऊन काय उपयोग!

"इतकी जुनी बॅटरी ठेवतं कोण?" डॉसनने विचारलं.

"सगळेच," अरुणा म्हणाली. "दिवा हिरवा आहे, मग बदलेल कोण?"

अरुणा मूळची नागपूरची, इंदोऱ्याची. इलेक्ट्रॉनिक्समध्ये डिप्लोमा केलेली. नवरा राजानंद संशोधनासाठी जर्मनीत एर्लांगेनला आला, त्याच्यामागोमाग तीही आली. मुलगी झाली, घर झालं आणि डिप्लोमा ट्रंकेत राहिला. धम्मदीपा शाळेत जायला लागली, तेव्हा कुठे शहराबाहेरच्या ब्रांडल यांच्या छोट्याशा वर्कशॉपमध्ये तिला चाचणीचं काम मिळालं. मोडकंतोडकं जर्मन बोलणारी ही बाई बॅटऱ्या थंडीत गोठवायची, उन्हात तापवायची, हलवून हलवून बेजार करायची. तिला एक गोष्ट स्वस्थ बसू देत नव्हती. बॅटरी नुसती पडून असताना ठणठणीत दिसते. काम सांगितलं की तिला धाप लागते. साधी डबी नुसत्या पडून असलेल्या बॅटरीकडे बघून हिरवा दिवा लावायची. अरुणाची नवी डबी गाडी सुरू होताना बॅटरीला क्षणभर ओझं द्यायची आणि मगच कौल द्यायची.

फक्त तिला खर्च जास्त होता.

आत कॉफीचे कप समोर ठेवून बोलणी सुरू झाली.

"नियम काय म्हणतो?" डॉसन म्हणाला. "ड्रायव्हरला सीटवरून बॅटरीची स्थिती दिसली पाहिजे. तेही आमच्याकडे काही भागांतच. तुमची साधी डबी तेवढं करते. मग महागडी का घेऊ?"

"साध्या डबीत स्थिती दिसत नाही. बॅटरी आहे, एवढंच दिसतं."

"मॅडम, मला पटलंय. पण माझं गिऱ्हाईक दुकानात दोन डब्या शेजारी ठेवतं. दोन्हींवर हिरवा दिवा. ते स्वस्त उचलतं."

किंमत खाली आणायला अरुणाने जंग जंग पछाडलं होतं. धातूची पेटी जाऊन प्लॅस्टिकची आली, आकडे दाखवणारा पडदा गेला, शोभेचं होतं नव्हतं ते सगळं गेलं. तरी थोडा फरक उरलाच होता.

"निम्मा फरक मी सोसतो," ब्रांडल म्हणाले. "निम्मा तुम्ही."

डॉसनने मान हलवली. "मग साधीच द्या. मोठी ऑर्डर देतो, दोन वर्षांची."

मंदीने तेव्हा वर्कशॉपचं कंबरडं मोडलं होतं. अशी ऑर्डर म्हणजे तहानलेल्याला पाणी. ब्रांडल खिडकीशी गेले. बाहेर कॅरव्हॅन ठोकळ्यांना टेकून उभी होती.

"सकाळी विचारलं असतंत तर दिली असती," ते हळूच म्हणाले. "आता बघून बसलोय. आता नाही देता येत."

डॉसन वाईट माणूस नव्हता. नव्या डब्यांची एक लहानशी ऑर्डर त्याने दिली. मोठी ऑर्डर दुसरीकडे गेली.

नव्या वर्षात ब्रांडल यांनी सगळ्यांना एकत्र बोलावून कुर्त्सआर्बाइट जाहीर केलं. काम कमी, पगार कमी; थोडी भरपाई सरकारकडून. शुक्रवारी वर्कशॉप बंद.

अरुणाच्या शेजारच्या टेबलावर हाइड्रुन तारा जोडायची. दोन मुलं एकटीने वाढवणारी, तोंडाने फटकळ बाई. त्या दिवशी तिने जेवणाचा डबाही उघडला नाही.

"तुझ्या त्या ठोकळ्यांनी माझा शुक्रवार खाल्ला," ती म्हणाली. "तिकडे जगाच्या टोकाला कुणाची तरी कॅरव्हॅन थांबेल. माझं भाडं नाही थांबत."

"तुझं खरं आहे," अरुणा म्हणाली. आणखी काय म्हणणार?

रात्री जेवताना राजानंदने विचारलं, "पश्चात्ताप होतोय?"

"डबीचा नाही हो. ती पुन्हा करायची झाली तरी तशीच करेन." तिने ताटातली पोळी नुसतीच दुमडली. "पण किंमत माझ्या एकटीच्या खिशातून जायला हवी होती. ती हाइड्रुनच्या खिशातून गेली."

"मग काय करायचं म्हणतेस?"

"तुमचं कॉन्ट्रॅक्ट अजून वर्षभर आहे ना?"

राजानंदने तिच्याकडे पाहिलं. इतक्या वर्षांच्या संसारात त्याला हा स्वर ओळखीचा झाला होता. "गेनाऊ, अगदी बरोबर," तो हसून म्हणाला. "जा, बोल जाऊन."

दुसऱ्या दिवशी ती ब्रांडल यांच्या खोलीत उभी राहिली. "छोट्या ऑर्डरला शुक्रवारी एक माणूस लागेल. हाइड्रुनला बोलवा. पूर्ण आठवडा द्या तिला. माझा आणखी एक दिवस कापा."

"फ्राउ गजभिये, ही डबी तुमची आहे."

"म्हणून तर म्हणते. चाचणी कशी करायची ते मी तिला शिकवीन."

ब्रांडल यांनी कामाचं वेळापत्रक पुढे ओढलं. "तिला सांगू, कुणामुळे ते?"

"नको. सांगितलंत तर ती घेणार नाही."

घरी आनंद झाला तो फक्त धम्मदीपाला. आई आता दोन दिवस घरी, हे कळताच ती टाळ्या पिटत म्हणाली, "झूपर! डान बाकन वीर कूखन!" म्हणजे आता केक करायचा. अरुणाने खरंच केक केला. बरा झाला, मधे थोडा बसला.

पुढच्या दिवसांत तिने हाइड्रुनला सगळं शिकवलं. हाइड्रुन शिकली, पण कामापुरतंच बोलत राहिली. तिचा राग उतरला नव्हता आणि अरुणाने तो उतरवायचा प्रयत्नही केला नाही.

मग एका शुक्रवारी बाजारातून भाजी घेऊन सायकलवरून येताना अरुणा वर्कशॉपच्या रस्त्याला लागली. बर्फ वितळून रस्ता ओला झाला होता. इमारतीत एकाच खिडकीत उजेड होता. तिने एक पाय टेकला. आत तिच्या रिकाम्या स्टुलावर हाइड्रुनचं जाकीट पडलं होतं आणि हाइड्रुन मान खाली घालून एका डबीत तार बसवत होती. तार बसली. तिने ती दोन बोटांत धरून ओढून पाहिली. डबी बाजूला ठेवली. मग काय वाटलं कोण जाणे, पुन्हा उचलली आणि पुन्हा एकदा ओढून पाहिली.

अरुणाने घंटी वाजवली नाही. हँडलला अडकवलेली पिशवी सारखी केली आणि पायडल मारलं.