शिशाचे दोन मणी

"आई, तू सगळ्या बायकांबरोबर गरम पाण्याच्या कुंडावर आंघोळीला का येत नाहीस?"

मैत्रिणींनी डिवचलं, म्हणून चिगुसाने हे भर जेवणात विचारलं. आई-बाबांच्या हातातल्या जेवायच्या काड्या थांबल्या. मित्रांनो, त्या प्रश्नाचं उत्तर मी होते, आणि मी तेव्हा तिच्या आईच्या, मित्सुएबाईंच्या, सदऱ्याआड डाव्या बाजूला मुकाट बसले होते.

मी एक जुनी, तळहाताएवढी कापडी गादी आहे. अकरा वर्षांपूर्वी आजारापायी बाईंचा डावा स्तन काढावा लागला. त्यांना आमच्या जपानी बेटावरून बोटीने पलीकडच्या दवाखान्यात नेलं, कापलं, टाके घातले, घरी पाठवलं. स्तन नव्याने घडवता येतो, हे कुणी बोललंच नाही. मग बाईंनी जुन्या किमोनोच्या अस्तरातून मला शिवलं आणि उशीतला भुसा भरला. पण मी पडले हलकी, त्यांचा एक खांदा वर जायचा. तेव्हा कोळी नवऱ्याने जाळ्याला वजन म्हणून लावतात ते शिशाचे दोन मणी गुपचूप माझ्याशेजारी आणून ठेवले, आणि बाईंनी ते माझ्या पोटात शिवले. माझं कौतुक झालं ते तेवढंच!

बाकी सगळा एकटेपणा. शेजारणींना दिसू नये म्हणून वाळायलासुद्धा मला दोन टॉवेलांच्या मधे टांगायचे. एकदा छोट्या चिगुसाने बाहुलीची उशी समजून मला पळवलं. काय मजेत गेली ती दुपार! बाई आल्या आणि नुसतं "दे" म्हणाल्या.

आमच्याकडे कुंडावर बायका एकमेकींची पाठ चोळतात. बाईंची पाठ अकरा वर्षं कुणी चोळली नव्हती.

गेल्या वर्षी चिगुसाच्या कॅनडातल्या मावशीला तोच आजार झाला. फोनवर ती म्हणाली, "ऑपरेशनच्या आधीच विचारलं गं त्यांनी, नवा करायचा का म्हणून. तुला काय विचारलं होतं?"

"मला कुठे कोण विचारतंय," बाई हसल्या आणि मुळ्याच्या लोणच्याचं बोलू लागल्या. फोन ठेवल्यावर मात्र त्यांनी सदऱ्यावरून माझ्यावर हात ठेवला.

तर त्या जेवणात बाईंनी मला काढून सूपच्या वाटीशेजारी ठेवलं. मित्रांनो, पहिल्यांदाच मी दिव्याखाली आले.

बाबांनी मला चाचपलं. "ते मणी अजून आहेत होय?"

"आहेत की," म्हणत बाईंनी लेकीला सगळं सांगितलं, मावशीचा फोनसुद्धा. "पण आता या वयात नवं काय करायचंय? लोक हसतील."

चिगुसाने मला दोन्ही हातांत धरलं. अशी मऊ विचारपूस आम्हा लपवलेल्यांच्या वाट्याला फार उशिरा येते.

"आई, बाबा, मी ठरवलंय. सोमवारी पहिल्या बोटीने आई आणि मी पलीकडच्या डॉक्टरांकडे जाणार, शाळेत मी सांगेन. आई नवा स्तन नको म्हणाली तरी चालेल. पण आधी तिला कुणीतरी विचारू दे, मग म्हणू दे. आणि कुंडावर तिची पाठ मी चोळणार, उद्याच."