डुगडुगती खुर्ची

“खुर्च्या दुरुस्त करायला आलोय,” सुतार दारातूनच म्हणाला आणि हत्यारांची पिशवी सगळ्यांना दिसेल अशी पुढे धरली.

शाळेच्या चित्रकलेच्या वर्गात माणसं गोल करून बसली होती. दारू सोडलेली, सोडू पाहणारी. कुणी हसलं नाही. हसण्यासारखं होतं खरं, कारण खुर्च्यांसाठी सुताराला कुणी बोलावलंच नव्हतं. त्याला धाडलं होतं बायकोनं. या शनिवारच्या मीटिंगचा कागद तिनंच दवाखान्याच्या भिंतीवर पाहिला होता. ट्रंक भरून दाराशी ठेवून ती म्हणाली होती, “अहो, मी आता भांडत नाही. दमले. तिथं गेलात तर ही ट्रंक उघडते. नाही गेलात तर लेकीकडे चालले, मग न्यायला येऊ नका.”

निघाला तर खरा, पण पत्ता विचारायची पंचाईत. विचारावं, तर विचारतानाच सगळं बिंग फुटणार! म्हणून गडी वाटेत दुकानदाराला म्हणाला, “शाळेत खुर्च्यांचं काम निघालंय म्हणे, कुठल्या खोलीत?” तेच खोटं त्याच्याबरोबर दारापर्यंत चालत आलं होतं.

चहाच्या थर्मासजवळून एक म्हाताऱ्या बाई उठल्या. जन्मभर दवाखान्यात नोकरी केलेल्या. सगळे त्यांना सिस्टर म्हणत. त्यांनी पिशवीकडे पाहिलं, मग सुताराच्या हाताकडे.

“अगदी देवासारखे आलात बघा,” त्या म्हणाल्या. “माझीच खुर्ची डुगडुगतेय. इथंच बसून करा. आमच्या गप्पांचा त्रास नाही ना व्हायचा?”

“छे छे. मी माझं काम करतो.”

कोपऱ्यात बसून त्यानं खुर्ची उलटी केली. पाय खरंच खिळखिळा झाला होता. सांध्यात सरस भरला, फट बुजवायला लाकडाची पाचर तासायला घेतली. हात असा थरथरत होता की दोनदा पाचर वाकडी गेली. आणि कान सगळे त्या गोलात.

एक ड्रायव्हर सांगत होता, “लेकीच्या लग्नात मी हॉलच्या मागं पडलेलो. फोटोत सगळे आहेत. कुत्रंसुद्धा आहे. बाप तेवढा नाही.”

मग सिस्टर बोलल्या. “मी पाण्याच्या बाटलीतून दारू न्यायचे कामावर. एकदा चुकीचं औषध भरलं सुईत. सोबतच्या नर्सनं मनगट धरलं, म्हणून तो पेशंट वाचला आणि मीही. रोज दिवा लावताना पहिलं तिचं नाव घेते.”

सुताराच्या हातातली पटाशी थांबली. एवढ्या मानाच्या बाई, आणि असं सगळ्यांसमोर!

निघताना सिस्टर म्हणाल्या, “पुढच्या शनिवारी या हं. अजून एक कुरकुरतेय.”

घरी बायकोनं ट्रंक उघडली, पण कपड्यांची एकच घडी बाहेर काढली. बाकीचं तसंच राहू दिलं.

असे शनिवार गेले. प्रत्येक शनिवारी एक खुर्ची धड व्हायची, ट्रंकेतली एक घडी कपाटात जायची. मधे एकदा तो घसरला. त्या आठवड्यात बायकोनं घड्या मुकाट्यानं परत ट्रंकेत भरल्या. तरी तो शनिवारी गेला, डोळे लाल, मान खाली. सिस्टरनी चहा दिला आणि खुर्ची पुढे सरकवली. “ही बघा जरा,” एवढंच.

पाचर हळूहळू सरळ तासली जाऊ लागली.

आणि एका शनिवारी पुन्हा सिस्टरचीच खुर्ची पुढे आली. सुतारानं ती उलटी केली नि बघतच राहिला. त्याची पहिली पाचर जागेवर नव्हती.

“सिस्टर, ही आपणहून निघत नाही. कुणीतरी उपटून काढलीय.”

“काढली म्हणजे! नखं मोडली माझी!” सिस्टर फणकारल्या आणि पर्समधून ती वाकडी पाचर काढून त्यांनी त्याच्या तळहातावर ठेवली. “सगळ्या खुर्च्या धडधाकट करून ठेवल्यात तुम्ही. आता कुठल्या निमित्तानं बोलावू?”

गोलात हशा पिकला. सुतारही हसला, आणि हसता हसता त्याला डोळे पुसावे लागले. त्यानं खुर्चीला नवी पाचर ठोकली, ती गोलात नेऊन ठेवली आणि तिच्यावर स्वतः बसला.

“मी खुर्च्या दुरुस्त करायला आलेलो नाही,” तो म्हणाला.

“हे पहिल्या दिवशीच कळलं होतं,” ड्रायव्हर म्हणाला. “पुढं बोला.”

आता ती ट्रंक माळ्यावर आहे; तिच्यात नातवंडांची खेळणी असतात. सिस्टर गेल्या, झोपेतच, शांतपणे. वाकडी पाचर सुताराच्या सदऱ्याच्या खिशात असते. सकाळी हात जोडताना तो आधी सिस्टरचं नाव घेतो, मग देवाचं. देवाला चालत असावं. दर शनिवारी सगळ्यांच्या आधी येऊन तो खुर्च्या मांडतो आणि चहा करतो.

परवा मीटिंग सुरू होणार, तोच दारात एक अनोळखी माणूस उभा राहिला. दाढी वाढलेली, हातात पान्ह्यांची पिशवी.

“मी... प्लंबर आहे,” तो म्हणाला. “इथं नळाचं काही काम...?”

सगळ्यांनी सुताराकडे पाहिलं. सुतार उठला, कोपऱ्यातल्या बेसिनपाशी गेला आणि सगळ्यांकडे पाठ करून त्यानं हळूच नळ किंचित सैल केला.

“अगदी देवासारखे आलात बघा,” तो वळून म्हणाला. “कधीचा गळतोय. या, आधी चहा घ्या.”

माणूस आत आला. मीटिंग सुरू झाली. नळ टपटपत राहिला, आणि तो बंद करायला कुणीच उठलं नाही.