महिन्याचं एक उड्डाण

नियम करणाऱ्यांनी कधी हातात विमान धरलं होतं की नाही, देव जाणे. ड्रोन आणि छोटी विमानं कुठे उडवायची, त्याचा नकाशा मात्र त्यांनी झकास रंगवलाय. लाल भागात कोणीच उडवायचं नाही, निळ्या भागात माझ्यासारख्या धंदेवाइकांनी आणि हिरव्या वर्तुळात हौशी लोकांनी. वर्तुळ हिरवं राहायला हवं असेल, तर तिथे महिन्यातून एक तरी हौशी उड्डाण नोंदवायचं. एक महिना चुकला की वर्तुळ आमच्यासारख्यांना मोकळं.

जुन्या वीटभट्टीमागच्या मैदानावर असं एक वर्तुळ होतं. एके काळी तिथे पंधरा जणांचा क्लब होता. काही फॉर्म भरून भरून वैतागले, दोघं वारले, बाकीच्यांनी हळूच काढता पाय घेतला. उरला माझा थोरला भाऊ. दादा जन्मभर रेडिओ दुरुस्त करायचा आणि सुट्टीच्या दिवशी हलक्या लाकडाची विमानं बनवायचा. मी ड्रोनने टॉवर आणि कारखान्यांची छपरं तपासतो. माझं यंत्र बघून तो म्हणायचा, "हा पंखा आहे, विमान नव्हे." मी म्हणायचो, "हा पंखा पोट भरतो." वर्षानुवर्षं हेच भांडण चाललं होतं आणि आम्हा दोघांनाही ते मनापासून आवडायचं.

यंदा त्याचे हात थरथरायला लागले. कप उचलला की चहा टेबलावर सांडायचा आणि वहिनी पुसून घ्यायची. मैदान गेलं तर हा माणूस खचणार, हे तिला कळत होतं आणि मलाही.

महिन्याच्या शेवटच्या दिवशी दुपारी तिचा फोन आला. "भाऊजी, जरा मैदानावर जाऊन येता का? सकाळपासून गेलेत. जेवायलाही आले नाहीत."

दादा गवतात बसला होता. शेजारी विमान, मोडलेल्या नाकाला चिकटपट्टी. तीनदा उडवलं, तीनदा आपटलं. आणि नीट उतरल्याशिवाय उड्डाणाची नोंद होत नाही.

"पाचला नोंद बंद होते," तो म्हणाला. "तू उडव, धाकट्या. मी शेजारी उभा राहतो. तेवढं नियमात बसतं."

बसत होतंच. पण आपटण्यात विमानावरची ओळखपेटी बंद पडली होती. काड्यापेटीएवढी ती डबी उड्डाणाची माहिती वरच्या ऑफिसला पाठवते. तिच्याशिवाय उड्डाण धरतच नाहीत. पाचला बारा मिनिटं कमी होती. दादा डबी उघडायला बघत होता आणि स्क्रू ड्रायव्हर खाचेत बसत नव्हता. बोलता बोलता, न बघता स्क्रू काढणारा माणूस! मला बघवेना. मी गाडीतल्या माझ्या ड्रोनची पेटी उपटली आणि त्याच्या विमानाला चिकटवली.

विमान उडालं. "डावीकडे घे! वारा बघ ना, गाढवा!" दादा ओरडत होता आणि मला इतकं बरं वाटत होतं की काय सांगू. दोन मोठ्या चकरा मारून मी ते अलगद उतरवलं. दादाने माझी पाठ थोपटली. कितीतरी दिवसांनी तो खदखदून हसला.

दुसऱ्या दिवशी सकाळी वरच्या ऑफिसातून संदेश आला : अभिनंदन, आपला अर्ज मंजूर. मैदानावर हौशी उड्डाणं शून्य, माझ्या पेटीच्या नंबरावर धंद्याचं उड्डाण एक. वर्तुळ निळं झालं होतं आणि रांगेतल्या पहिल्या अर्जदाराला मिळालं होतं. तो अर्जदार मीच. दोन वर्षांपूर्वी क्लब बंद पडतोय अशी बोलवा होती, तेव्हा मी तो अर्ज टाकला होता. दादाला सांगितलं नव्हतं. पुढे विसरून गेलो, असं मी स्वतःला सांगत आलो.

मी तिथल्या बाईंना फोन लावला.

"पेटी तुमचीच ना?" त्या म्हणाल्या. "मग झालं तर. नको असेल तर पुढच्या अर्जदाराला देऊ. पुन्हा हिरवं मात्र होत नाही."

अठरा वर्षं या धंद्यात घालवली आणि पेटी कोणाच्या नावावर आहे, एवढं माझ्या डोक्यात आलं नाही. त्या क्षणी मला फक्त त्याचे हात दिसत होते. पण हे सांगून कोणाला पटणार?

तसाच त्याच्या घरी गेलो. वहिनीने दार उघडलं आणि माझ्याकडे न बघता आत गेली. दादासमोर फोनवर नकाशा उघडा होता. निळ्या वर्तुळावर माझ्या कंपनीचं नाव, खाली अर्जाची तारीख.

"दादा, घाईत ती पेटी चुकून..."

"तारीख दोन वर्षांपूर्वीची आहे."

तो चिडला असता तर मी भांडलो तरी असतो. त्याने फोन टेबलावर पालथा ठेवला.

"मागितलं असतंस तर दिलं असतं रे," तो म्हणाला. "काल मला उगाच खूश कशाला केलंस?"