सातवी खुंटी

"घाबरू नका, मावशी. आधी बसा तरी," वकीलबाई म्हणाल्या, आणि मावशी आणखीच घाबरल्या. घाबरू नका असं डॉक्टर म्हणतात, पोलीस म्हणतात, आणि त्यानंतर दोघंही काही बरं सांगत नाहीत, असा त्यांचा आजवरचा अनुभव होता.

घरच्या घरी पाळणाघर चालवणाऱ्या बायकांना वाचनालयाच्या मागच्या खोलीत दर गुरुवारी कायद्याचा सल्ला फुकट मिळायचा. मावशींना हे ठाऊक होतं, पण फुकट म्हटलं की त्यांना आधी संशय यायचा. पाळणाघर बंद का करू नये, अशी नोटीस आली तेव्हा त्यांनी ती वाचली, पुन्हा वाचली, आणि दुधाच्या पावडरच्या रिकाम्या डब्यात कोंबून झाकण घट्ट लावलं. जणू हवा लागली नाही की कागद आतल्या आत मरून जाणार होता! चौदा दिवस त्यांना धड जेवण गेलं नाही. आज पंधरावा दिवस होता, आणि उत्तर द्यायची मुदत संध्याकाळी पाचला संपत होती.

पाळणाघराला बावीस वर्षं झाली होती. मावशींनी ज्यांची नाकं पुसली त्यातली निम्मी पोरं आता त्यांच्यापेक्षा वीतभर उंच होती आणि रस्त्यात भेटली की वाकून बोलत. ते सगळं आता एका कागदाने पुसलं जाणार होतं. पाळणाघर बंद झालं तर सहा जणी उद्या सकाळी कडेवर मूल घेऊन कुठे जाणार होत्या? आणि मावशी तरी कुठे जाणार होत्या?

वकीलबाई मावशींच्या लेकीहून लहान दिसत होत्या. त्यांनी नोटीस शांतपणे वाचली.

"परवानगी सहा मुलांची. तपासणीच्या दिवशी सातवं मूल होतं आणि तुम्ही ते लपवलंत, असं म्हणतायत. खरं काय ते सांगा."

"सहाच होती," मावशी म्हणाल्या.

"मग ही सातव्या खुंटीची काय भानगड आहे?"

मावशींच्या घरात भिंतीवर मुलांच्या कमरेएवढ्या उंचीवर खुंट्या होत्या, आणि प्रत्येकीवर एक चित्र. पोरांना अक्षरं कुठली यायला! पण मासा कुणाचा, छत्री कुणाची, सूर्य कुणाचा, हे दीड वर्षाच्या मुलालाही कळायचं. ज्याच्या त्याच्या खुंटीवर ज्याचा त्याचा पंचा. एकाचं नाक पुसलेला पंचा दुसऱ्याच्या तोंडाला लागता कामा नये, हा मावशींचा कडक नियम होता, आणि त्या नियमानेच त्यांचा घात केला. तपासणीच्या साहेबांनी मुलं मोजली, सहा. मग खुंट्या मोजल्या, सात. त्यांनी सातवा पंचा हातात घेतला.

"हा कुणाचा?"

"जास्तीचा आहे, साहेब."

"मग ओला कसा?"

यावर मावशींनी जे ततपप केलं, ते साहेबांनी शब्दन् शब्द लिहून घेतलं होतं.

"मावशी," वकीलबाई खालच्या आवाजात म्हणाल्या, "मी तुमच्या बाजूची आहे. इथलं बोलणं या खोलीबाहेर जात नाही."

"सहाच होती हो, ताई. खोटं कशाला बोलू?"

एवढ्यात दारावर थाप पडली. बाहेर बसलेल्या कुणाला तरी आपला नंबर कधी येणार ते विचारायचं होतं. पण मावशींसोबत आलेली त्यांची चार वर्षांची नात, चिमणी, जी इतका वेळ जमिनीवर बसून खडूने रेघोट्या ओढत होती, तिने खडू टाकला आणि ती सरळ टेबलाखाली शिरली. गुडघे पोटाशी घेतले आणि तोंडावर दोन्ही हात दाबून धरले.

वकीलबाईंनी वाकून पाहिलं. "अगं, काय झालं?"

"मी नाहीये," चिमणी हातांच्या आडून कुजबुजली.

मावशींच्या डोळ्यांतून पाणी आलं ते थांबेचना.

"मीच तिला लपवलं. ओट्याखालच्या कपाटात. साहेबांचा आवाज ऐकला आणि माझ्या पाचावर धारण बसली. म्हटलं, सात मोजली तर संपलंच सगळं. तिला म्हटलं, हूं की चूं करायचं नाही, तू नाहीचेस. तर तास झाला तरी पोर मुंगीएवढी हलली नाही. बाहेर काढल्यावर मी तिला बिस्कीट दिलं. शहाणी गं माझी बाई ती, म्हटलं. तेव्हापासून दार वाजलं की हे असं."

"ही तुमच्याकडेच राहते?"

"दीड वर्ष झालं. लेक दुसऱ्या गावी शिवणाच्या कारखान्यात आहे. दर पंधरा दिवसांनी येते."

वकीलबाईंनी पेन खाली ठेवलं. "मावशी, घरातलं मूल मोजायचंच नसतं. परवानगीच्या कागदावर छापलंय तसं."

"छे! त्या कागदाचा शब्दन् शब्द मला पाठ आहे. काच लावून भिंतीवर टांगलाय मी."

"मागच्या बाजूला छापलंय."

बावीस वर्षं मावशी रोज ती काच पुसत होत्या. कागद उलटून बघायचं काही कारणच पडलं नव्हतं.

"म्हणजे लपवायची गरजच नव्हती?"

"नव्हती. पण लपवलंत, तेव्हा ते आता लिहून द्यावं लागेल."

"लिहून दिलं तर बंद करतील का?"

"करू शकतात," वकीलबाई म्हणाल्या. त्यांनी उगाच धीर दिला नाही, आणि त्यामुळेच मावशींचा त्यांच्यावर पहिल्यांदा विश्वास बसला. "पण पुन्हा खोटं सांगितलंत आणि ते उघडं पडलं, तर नक्कीच करतील."

सही करताना मावशींचं आडनाव ओळीखाली घसरलं. उत्तर पाचाच्या आत पोहोचलं. साहेब सोमवारी फेरतपासणीला येणार, असा निरोप आला.

सोमवारी मावशींनी पहाटेपासून तीनदा फरशी पुसली. वकीलबाई आधीच येऊन कोपऱ्यातल्या स्टुलावर बसल्या होत्या. भिंतीवरच्या काचेत आता परवानगीचा कागद उलटा लावलेला होता, पाठ बाहेर. "साहेबांना आल्याआल्या दिसू दे," असं मावशींचं म्हणणं होतं. सातही मुलं चटईवर ठोकळे रचत होती.

दारावर थाप पडली. मावशींनी दार उघडलं आणि वळून पाहिलं, तर चटईवर सहाच मुलं.

साहेबांनी मोजली. उलट्या कागदावरून एकदा नजर फिरवली. "सहा. आणि तुमची नात?"

"आहे, साहेब. इथेच आहे. चिमणे!"

ओ आली नाही.

"मावशी, मूल डोळ्यांनी पाहिल्याशिवाय मला काही लिहिता येणार नाही."

मावशींनी एकदा वकीलबाईंकडे पाहिलं. मग दुखरे गुडघे टेकून त्या ओट्यापुढे बसल्या आणि कपाटाचं दार उघडलं. आत दोन पातेल्यांच्या मागे चिमणी मुटकुळं करून बसली होती. डोळे घट्ट मिटलेले, तोंडावर दोन्ही हात.

"बाहेर ये, बाळा. आज लपायचं नाही."

"मी नाहीये."

"तू आहेस." मावशींचा आवाज चिरकला, पण त्यांनी तो खाली आणला नाही. साहेबांना ऐकू जायला हवं होतं. "तू आहेस गं. त्या दिवशी आजी खोटं बोलली. आजी घाबरली होती."

साहेब उघडी वही हातात धरून उभे होते. मागे सहाही मुलं ठोकळे सोडून जवळ सरकली होती. मावशींनी हात लांबवून सातव्या खुंटीवरचा पंचा काढला, चिमणीचं चित्र असलेल्या खुंटीवरचा, आणि कपाटात पुढे धरला. बऱ्याच वेळाने दोन इवल्या बोटांनी त्याचं टोक पकडलं.

"आजी," आतून हळूच आवाज आला, "मी बाहेर आले तर मग मी शहाणी नाही ना?"

मावशींनी पंच्याचं आपल्या हातातलं टोक घट्ट धरलं आणि दुसरा हात तिच्यापुढे केला.