पांढऱ्यातला निळा

“ही रंगाची पट्टी कुणाची?” मास्तरांनी विचारलं.

“तुमचीच,” शेजारच्या टेबलावरची कॉम्प्युटरवाली म्हणाली. “ऑपरेशनच्या आधीची.”

मास्तरांनी पट्टी खिडकीशी नेली. रंगाच्या कारखान्यात एकतीस वर्षं ते छटा जुळवत होते आणि आपल्या नजरेचा त्यांना चांगलाच तोरा होता. दोन्ही डोळ्यांचे मोतीबिंदू काढून आज ते कामावर परतले होते. महिनाअखेर निवृत्ती होती, आणि आणखी दोन वर्षं ठेवून घ्यायचं की नाही, ते साहेब आजच ठरवणार होते. मास्तरांना घरी बसायच्या कल्पनेनेच धडकी भरायची.

गिऱ्हाइकाचा नमुना सायीसारखा पांढरा होता. मास्तरांच्या हातची पट्टी मात्र सरळसरळ निळसर. त्यांनी मागच्या दोन वर्षांच्या पट्ट्या काढल्या, तर जिथे पांढरा तिथे निळा जास्त. कारण उमगायला वेळ लागला नाही. पिवळ्या पडलेल्या डोळ्याला निळ्याचा थेंब दिसत नव्हता, म्हणून ते आणखी एक टाकत गेले होते.

“मग माल परत कसा आला नाही?”

ती रंग मोजायच्या मशीनची काच पुसत राहिली.

“अगं, तुला विचारतोय.”

“तुम्ही सही करून घरी गेलात, की मी मशीनवर पुन्हा मोजायचे. ते सांगेल तेवढा निळा प्रमाणात कमी करून बॅच सोडायचे.”

“मला सांगायला काय झालं होतं?”

“सांगितलं होतं एकदा. तुम्ही म्हणालात, मशीनला काय डोळे असतात?”

म्हणाले होते खरे. चारचौघांत म्हणाले होते आणि सगळे खो खो हसले होते. मास्तरांना आता त्याची मनापासून लाज वाटली.

दुपारी साहेब आले ते खुशीतच. “दोन वर्षांत एक डबा परत नाही, मास्तर. तुमच्या नजरेला तोड नाही. कागद तयार करू ना?”

कॉम्प्युटरवाली खाली मान घालून उभी होती. ती काही बोलणार नाही, हे मास्तरांना पक्कं ठाऊक होतं.

“नजर माझी नव्हती, साहेब,” ते म्हणाले आणि एकेक पट्टी टेबलावर मांडत गेले.

साहेबांनी सगळं ऐकून घेतलं. “बघू,” एवढंच म्हणाले आणि निघून गेले. मुदतवाढीचा विषय पुन्हा कुणी काढला नाही.

त्याच संध्याकाळी नव्या बॅचचा फॉर्म आला. ‘छटा मंजूर करणार’ या रकान्यात मास्तरांनी सवयीने पेन टेकवलं आणि ते थांबले.

“तुझं पूर्ण नाव काय गं?”

तिने सांगितलं. दोन वर्षं शेजारच्या टेबलावर बसूनही त्यांनी ते कधी विचारलं नव्हतं. आडनाव पुन्हा एकदा विचारून घेऊन त्यांनी ते नीट लिहिलं आणि सहीसाठी फॉर्म तिच्याकडे सरकवला.