प्रकाशाला उतरलेली रूपाली

गरम हवा वर जाते, हे रूपाली नाशिकच्या शाळेत गेली नऊ वर्षं सातवीच्या वर्गाला शिकवत होती. त्या दिवशी तोरणमाळच्या कड्यावरून उडाल्यावर मात्र ती हवा तिला काही केल्या सापडेना.

हँग ग्लायडिंगच्या स्पर्धेचा शेवटचा दिवस होता. इंजिन नसलेला तो भलामोठा तिकोनी पंख खांद्यांवर पेलून कड्यावरून धावत सुटायचं, त्याखाली पालथं लटकायचं, वर चढणारी गरम हवा शोधत उंची कमवायची आणि चाळीसेक किलोमीटरवरचं प्रकाशा गाठायचं. रूपाली बायकांत दुसरी होती. नुसते वीस किलोमीटर झाले असते तरी राष्ट्रीय संघात तिची जागा पक्की होती. त्यात प्रकाशा तिचं माहेर. तिचे वडील चुडामणआप्पा तापीकाठच्या मैदानावर सकाळपासून मांडव घालून बसले होते. बँडही सांगितला होता.

तिच्या आधीचा भाग्येश धावता धावता अडखळला आणि पंखासकट करवंदीच्या जाळीत जाऊन बसला. ओरखड्यांपलीकडे त्याला काही झालं नव्हतं. रूपालीने हेल्मेटमधल्या हेल्मेटमध्ये हसून घेतलं आणि पळत सुटली.

सुरुवात झकास झाली. पण दहाच मिनिटांत तिच्या कानाजवळचं यंत्र, जे वर चढताना आनंदाने टिवटिवतं, ते रडका सूर लावून बसलं. म्हणजे ती खाली चालली होती. डावीकडे एक घार गिरक्या घेत होती. घार असते तिथे हवा असते, म्हणून रूपाली तिकडे वळली. घारीने तिच्याकडे एकवार पाहिलं आणि सरळ पंख फडफडवत निघून गेली. ती सोय रूपालीकडे नव्हती.

डोंगराच्या पायथ्याशी हरभरा काढलेलं एक रिकामं वावर दिसलं, तिथे तिने पाय टेकले. बांधावर सुकराम पावरा आणि त्याची बायको जमनाबाई उभे होते.

"उशीर केलास," सुकराम म्हणाला. "सकाळी येणार होतीस ना?"

"मी?"

"उसावर फवारायला ड्रोन सांगितलं होतं मी. त्यात बाई बसून येते, हे फोनवर बोलले नाहीत."

रूपालीने त्याला स्पर्धा समजावून सांगितली. जमनाबाईने डोंगराकडे पाहिलं, मग रूपालीकडे.

"तिथून निघालीस आणि इथवरच आलीस? एवढं तर आमची शेळी येते."

"ते राहू दे," सुकराम म्हणाला. "आता आलीच आहेस, तर थोडं फवारून जा."

रूपालीने आप्पांना फोन लावला. पलीकडे बँड दणाणत होता.

"कोन बोलस? जोरमा बोल! मन्ही पोर उतरी गई!"

"आप्पा, मीच शे. रूपाली."

"हा, रूपालीच! आख्खं गाव देखी ऱ्हायनं! मी तिले हार घाली ऱ्हायनू, मंग फोन कर!"

"आप्पा! मी वावरमा शे! डोंगरनाजोडे!"

बँड आणखी थोडा वेळ वाजला. मग आधी पिपाण्या थांबल्या, मग ताशा, आणि सर्वांत शेवटी ढोल. आप्पांचा आवाज एकदम बारीक झाला.

"रूपा... मंग हाऊ दाढीवाला कोन शे?"

तो हिमाचलचा स्पर्धक होता. त्या दिवशी प्रकाशाला पोचलेला तो एकटाच. हेल्मेट काढायच्या आत त्याला तीन हार पडले होते आणि दोन म्हाताऱ्यांनी त्याच्यावरून भाकरतुकडा ओवाळून टाकला होता.

रूपाली पंख आवरत होती, तेवढ्यात सुकरामचं खरं ड्रोन आलं. ऊस फवारून ते भुर्रकन वर गेलं. रूपालीने त्याच्याकडे पाहणं टाळलं.

पाच वाजता स्पर्धेची जीप घेऊन आलेल्या दिलवरसिंगने निकाल सांगितला. पाच किलोमीटरच्या आत उतरणाऱ्या सगळ्यांना सारखेच गुण. रूपाली चार किलोमीटर आठशे मीटर उडाली होती. म्हणजे ती आणि करवंदीतला भाग्येश बरोबरीत. दुसऱ्या नंबरावरून ती पाचव्यावर घसरली होती आणि संघ हुकला होता. जीपमध्ये ती शहाद्यापर्यंत खिडकीबाहेर तोंड करून रडली. दिलवरसिंगने पाण्याची बाटली तिच्याकडे सरकवली.

घरी पोचली तर हिमाचलचा पाहुणा खाली मांडी घालून आमरसात मांडे बुडवून खात होता. हार अजून गळ्यातच होते. आप्पा ओट्यावर तोंड पाडून बसले होते.

"कितली वर गयथी तू?" त्यांनी हळूच विचारलं.

"कड्यावरून तीनशे मीटर. मंग खालेच."

"तीनशे!" आप्पांनी मान वर करून आभाळ मोजून पाहिलं. "मी घरना धाबावर चढस ते मन्हा पाय कापतस."

रूपालीला पुन्हा रडू येईल असं वाटलं, म्हणून ती घाईने आत गेली आणि पाहुण्याच्या शेजारी पाट ओढून बसली. तुला हवा कुठे मिळाली, असं तिने त्याला हिंदीत विचारलं. तोंडातला घास गिळून त्याने ताटातल्या रसात बोटाने डोंगर काढला, डोंगराची एक सोंड काढली. रूपालीने मान हलवली आणि आपल्या बोटाने ती सोंड पुसून जरा डावीकडे काढली. आई वाढायला आली तेव्हा दोघंही हिरिरीने भांडत होते आणि मांडे गार होऊन गेले होते.