सोबतीचं कडवं

"पुना आबा, तुम्हनी बाय लुगडं नेसी राहिनी का आजून?"

ताईबाई अंगणातून हसत विचारत होती. डोक्यावर भाकरीचं गाठोडं, कमरेला खोचलेला विळा, पाय बागेच्या दिशेला वळलेले. तिच्या मागे ओट्यावर वस्तीतल्या पोरी ओळीनं बसल्या होत्या. तेल लावून चापून घातलेल्या वेण्या, मांडीवर दप्तरं, नजर केळीतून येणाऱ्या पांदीच्या तोंडाकडे. पांदीतून कुणीतरी बाई येणार होती आणि त्यांचा हात धरून त्यांना मोठ्या गावच्या शाळेत नेणार होती.

पुना थांबला. खांद्यावरचं फावडं त्यानं या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतलं.

"येई, वहिनी. सरकारी काम शे. येळ लागस."

"लागू द्या. आम्हनी रत्ना तं कोंबडा बोलना का उठस. म्हनस, बाय उनी आनि मी निजेल ऱ्हायनू तं?"

रत्ना ताईबाईची थोरली. तिसरी पास होऊन चौथीत जायची होती. ती पुनाकडे बघून हसली. पुना घाईघाईनं पुढे झाला. बागेत पाणी धरायचं होतं, वीज जायच्या आत. पण तो घाईत होता तो विजेसाठी नव्हे, हे त्याच्या पावलांना ठाऊक होतं.

उंबरवस्ती चोपड्याच्या वरच्या अंगाला, सातपुड्याच्या पायथ्याशी. पंचवीसेक घरं, आणि केळीच्या बागांत राबणारी माणसं. मोठं गाव पलीकडे. मधे नाला, आणि दोन्ही बाजूंनी माणूस बुडेल एवढी उंच केळी. पोरं उड्या मारत जात. पोरींना त्या वाटेनं एकटं कुणी सोडत नसे, आणि आईबाप तर झुंजुमुंजूलाच कामावर गेलेले. गेल्या वर्षापर्यंत ही अडचण नव्हती. वस्तीवर स्वतःची शाळा होती. एक खोली, चार वर्ग आणि एकटे निंबा गुरुजी.

पुना दिवसा पाणी धरायचा आणि सणासुदीला डफ धरायचा. वहीगायनात, म्हणजे डफावरच्या गाण्यात, तो पुढचा. त्यानं एक ओळ टाकायची, मागच्यांनी ती झेलायची. वस्तीतलं बारसं असो की उत्तरकार्य, पुना आबाचा डफ वाजल्याशिवाय ते पुरं झालं असं कुणाला वाटत नसे. थंडीत तालुक्याहून धनसिंगभाऊ आले ते म्हणूनच. धनसिंगभाऊ पक्षाचे तालुका चिटणीस. पांढरा सदरा, साधा माणूस, बोलायला गोड. त्यांच्या हातात एक पातळ पुस्तिका होती. देशाचं शिक्षण कसं बदलावं, याचे पक्षाचे प्रस्ताव.

ओसरीवर बसून त्यांनी ते वाचून दाखवले. एका मास्तरानं चार वर्ग हाकायचे, हे बंद. लहान लहान शाळा मिळवून एक मोठी शाळा. विषयाविषयाला वेगळा शिक्षक. प्रयोगाची खोली. सहावीपासून हाताचं काम. मुलींना बारावीपर्यंत फी नाही.

"आधी आपल्या तालुक्यात करून दाखवू," धनसिंगभाऊ म्हणाले. "मग दिल्लीला सांगू, की बघा, असं होतं. पण आबा, हे छापील कोण ऐकतं? तुम्ही गा."

पुनाला ते सगळं खरंच आवडलं. निंबा गुरुजींच्या खोलीत तो स्वतः कधी बसला नव्हता, पण बाहेरून त्यानं पाहिलं होतं. गुरुजी पहिलीला गिरवायला लावून चौथीकडे वळत, तोवर दुसरी भांडत असे. त्यानं गाणं बांधायला घेतलं. पाणी दांडातून जसं सरीसरीला वळतं तसे शब्द वळत गेले. शेवटचं कडवं पोरींचं होतं.

नवी शाळा मोठा गावले
दूर नई वं माय

इथवर आलं आणि अडलं. दोनच ओळींवर कडवं सोडता येत नाही, मागच्यांनी झेलायचं काय? आणि लेकीचं कडवं तर असं अर्ध्यावर मुळीच सोडत नाहीत. त्याच्या आईनं, तिच्या आईनं जी गाणी गायली, त्यांत लेक कधी एकटी वाटेला लागलीच नव्हती. आखाजीच्या सणाला माहेरी येताना भाऊ असायचा, सासरी जाताना न्यायला आलेला मुऱ्हाळी असायचा. कुणीच नसलं तर आभाळातला पक्षी असायचा. पुनाच्या ओठांवर पुढचं आपसूक आलं.

लेकीसंगे वाटवर
चाले एक बाय

पुस्तिकेत हे नव्हतं, हे त्याला माहीत होतं. पण कडवं पुरं झालं होतं.

मारुतीच्या पारावर सभा झाली. वस्तीची शाळा मोठ्या गावच्या शाळेत मिळवायची, अशा ठरावावर हात वर करायचे होते. बाया आधी कुरकुरत होत्या. पुनानं डफ घेतला. शेवटचं कडवं झालं तशी बायांच्या बाजूनं कुजबूज उठली, एकीनं पदर सावरला, दुसरी म्हणाली, मंग काय वांधा शे. तेवढ्यात मागून निंबा गुरुजी उभे राहिले.

"एक विचारू का? ती बाई सोबत जाणार, हे पुस्तकात कुठं लिहिलंय?"

त्यांचा आवाज बारीक. मागच्या तिघा-चौघांनीच ऐकला असेल. पुनानं ऐकला. त्यानं गुरुजींकडे पाहिलं, आणि डफावर थाप मारली. पुन्हा पहिल्यापासून. या वेळी बायाही मागून म्हणू लागल्या. हात वर झाले ते गाण्याच्या लयीतच झाले.

गुरुजींची बदली मोठ्या गावच्या शाळेत झाली. खोलीला कुलूप लागलं. जूनमधे पोरी ओट्यावर येऊन बसल्या.

आषाढ लागला तेव्हा एक पोरगी कमी झाली. निंदणीला मजूर मिळत नव्हते. मग आणखी एक. उरलेल्या लांब लांब सरकून बसत, ओळ तेवढीच दिसावी म्हणून. पुनानं बागेकडे जायची वाट बदलली. उकिरड्याकडून वळसा घेऊन जाऊ लागला. तरी एकदा त्याची बायको भिकुबाई भाकरी थापता थापता म्हणाली, "रत्ना इचारत व्हती तुमले. आबा आते इकडथीन जात नई का म्हने."

त्या दिवशी पुना चोपड्याला गेला.

पक्षाच्या कचेरीत धनसिंगभाऊंनी त्याला खुर्ची दिली, चहा मागवला. पुनानं खुर्चीच्या कडेवर टेकून सगळं सांगितलं. धनसिंगभाऊंनी नीट ऐकून घेतलं.

"आबा, बाईची सोय आमच्या प्रस्तावात नाहीच. ती तुम्ही घातली."

"हाव. मीच घाली."

"पण चांगली घातली. खरं सांगू, आमच्या समितीत एवढे शिकलेले लोक, कुणाला सुचलं नाही."

"मंग टाका ना ती आते पुस्तकमा."

धनसिंगभाऊंनी कपाळ चोळलं. "टाकायचं म्हणजे... उपसमितीपुढे ठेवावं लागेल. मग अधिवेशन. देशाचा मसुदा आहे आबा, एका वस्तीचा नाही. पण मी मांडतो. शब्द देतो." आणि थोडं थांबून म्हणाले, "धुळ्याला मोठी सभा आहे. तुमचं पथक पाहिजे. तेच गाणं."

"ते कडवं सोडी दिसू."

"ते सोडलं तर गाण्यात राहिलं काय? बाया त्या कडव्यालाच तर डोलतात."

पुना उठला. चहा तसाच राहिला. "मंग मन्हा डफ फुटना, असं समजा," तो म्हणाला. आयुष्यात त्यानं गाणं नाकारलं ते पहिल्यांदाच.

संध्याकाळी तो थेट हिलालच्या अंगणात गेला. हिलाल म्हणजे ताईबाईचा नवरा, रत्नाचा बाप. बैलांच्या शिंगांना लावायचा रंग डब्यात कालवत बसला होता. पोळा जवळ आला होता.

"हिलाल, एक सांगस. ती बाय येवाव नई. कोठेच नई ती. मीच गानामा घाली. कडवं आधुरं ऱ्हात व्हतं म्हनीसन."

हिलालनं मान वर केली. मग हसला. "आबा, कोनी काय सांगं तुले? तालुकामा कोनी तरी फिरवाफिरव करी."

"कोनी नई. पुस्तकमा नई शे रे ती."

"छापनारना हातथीन राही गयी व्हई. आबा, मन्हा बापना दहावाले तू गाना. मन्हा लगीनले तू गाना. तुन्हा गानामा खोटं कसं ऱ्हाई?"

रत्ना दारात उभी राहून ऐकत होती. बाप खरा की आबा खरा, ते तिच्या डोळ्यांत ठरत नव्हतं.

"पोळा लगून वाट दखसू," हिलाल पुन्हा रंग ढवळत म्हणाला. "तवलगून उनी तं बरं. नई तं धुळाले रत्नानी मावशी शे, तिले पोर हुयेल शे. धाकल्याले खेळाडाले कोनी जोयजे. धाडी दिसू तिले. बठ्ठा दिन ओटावर बसाडीसन काय करू?"

पुना घरी आला. सांगून टाकलं, त्याला वाटलं. माझं मी सांगून टाकलं. त्या दिवशी त्याला बऱ्याच दिवसांनी भूक लागली. भिकुबाईनं वाढता वाढता त्याच्याकडे एकदा पाहिलं, आणि भाकरीचा तुकडा त्याच्या ताटात सरकवला.

पोळा झाला. बैल मिरवले, तोरणं तुटली. दुसऱ्या दिवशी सकाळी हिलाल पुनाच्या दारात आला.

"आबा, एक काम व्हतं. आज मालकना केळीना ट्रक भरना शे, माले बी सुट्टी नई, रत्नानी मायले बी नई. रत्नाले मोठा गावना स्टँडवरथीन धुळानी गाडीमा बसाडी दे. धुळाले मावशीना नवरा उभा ऱ्हाई. पोरगीले एकली कशी सोडू त्या वाटवर? तुन्हावर इस्वास शे म्हनीसन सांगस."

"मन्हा खाडा पडी," असं काहीतरी म्हणायला तो गेला, आणि मग त्यानं फावडं भिंतीला टेकवून ठेवलं. खाडा एका दिवसाचाच होता.

रत्ना तयार होती. वेण्या तशाच चापून घातलेल्या. दप्तरात आता दोन परकर आणि कंगवा. ताईबाईनं बागेकडे निघता निघता पोरीच्या गालावरून हात फिरवला आणि मागे वळून न बघता गेली.

दोघं पांदीला लागले. केळीची पानं दोन्हीकडून वाकलेली, त्यांच्यावरचं दव त्यांच्या डोक्यांवर टपटपत होतं. पुना पुढे, रत्ना मागे. काही अंतर गेल्यावर तिनं पावलं उचलली आणि त्याच्या बरोबरीनं चालू लागली. तो काही बोलेल म्हणून ती वाट बघत असावी. त्यानं वाटेवर आलेलं एक पान तिच्यासाठी बाजूला धरलं.

नाला आला. पाणी तिच्या पोटऱ्यांपर्यंत. त्यानं तिचा हात धरला. मधे एक दगड निसरडा होता, तो त्यानं पायानं चाचपून दाखवला. पलीकडे चढण चढलं, बाग संपली, आणि समोर शाळाच होती. नवी पांढरी भिंत, पत्र्याचं छप्पर. आत कुणीतरी पाढे म्हणत होतं आणि निंबा गुरुजींचा बारीक आवाज मधेच त्यांना थांबवत होता.

रत्ना थांबली. तिनं मागे वळून पाहिलं. केळीच्या शेंड्यांवरून वस्तीवरचा उंबर दिसत होता, हात लांब केला तर लागेल असा.

"आबा," ती म्हणाली, "वाट इतलीच शे?"

पुनाच्या हातात अजून तिचा हात होता. नाल्याच्या पाण्यानं दोघांचेही ओले.

"इतलीच शे, माय," तो म्हणाला.

तिनं मान हलवली. मग तिनंच त्याचा हात ओढला, गाडी निघून जाईल म्हणून.